साताऱ्याचा उतार आणि तीन चाके

आमच्या लहानपणी सांगलीच्या घरी एक लाल रंगाची तीनचाकी सायकल होती. लोखंडी नळ्या वाकवून केलेला सांगाडा, भरीव रबराची चाके, पुढच्या चाकाला थेट जोडलेले पायंडे आणि पत्र्याची बैठक. सांगलीचा गावभाग कृष्णेच्या काठचा, सपाट. त्या बोळांतून आम्ही ती गाडी दोन-तीन वर्षे दामटली. गुडघे फुटले, पण त्यापलीकडे काही झाले नाही.

एका मे महिन्यात ती गाडी एस.टी.च्या टपावर चढून आमच्याबरोबर साताऱ्याला आजोळी गेली. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले आहे. मामाच्या घराजवळचा बोळही चांगलाच उतरता होता. पाच वर्षांचा मामेभाऊ वरून निघाला. चार-पाच हातांतच पायंडे इतक्या वेगाने फिरू लागले, की त्याने दोन्ही पाय वर उचलून घेतले. खाली बोळ वळतो तिथे त्याने हॅण्डल वळवले आणि गाडी कुशीवर आडवी झाली. हनुवटीला चार टाके पडले.

टाके घालून आणल्यावर घरातले प्रत्येक जण त्याला एकच विचारत होते, ‘‘अरे, लक्ष कुठं होतं तुझं?’’ मामी आम्हालाही रागावली, ‘‘तुम्ही मोठे ना? बघत काय बसलात?’’ कोणीही गाडीकडे पाहिले नाही. ती तशीच माळ्यावर गेली आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावंडांसाठी खाली उतरली.

या गोष्टीला पस्तीस-चाळीस वर्षे झाली. पुढे विज्ञानात काम करू लागल्यावर लक्षात आले, की त्या दिवशी घरात विचारला गेलेला प्रश्न आणि ज्या प्रश्नाने खेळण्यांचा इतिहास पुढे सरकला तो प्रश्न, हे दोन वेगळे आहेत. पहिला प्रश्न : मुलाचे काय चुकले? दुसरा : गाडीचे काय चुकले? पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला माणसांना बराच काळ लागला. त्या प्रवासाची ही हकिकत. तिच्यातला बराचसा भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

१८८८ साल

सुरुवात मोठ्यांच्या सायकलीपासून करायला हवी, कारण मुलांच्या तीनचाकीने तिचीच एक जुनी खोड अजून सांभाळून ठेवली आहे.

१८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये चालणाऱ्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असे आणि मागचे अगदी छोटे. पायंडे पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले. पायंड्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणजे वेग हवा तर चाक मोठे करा, दुसरा मार्ग नाही. चाक मोठे झाले की बसणारा उंच जाई, आणि जवळजवळ आसाच्या वर बसे. पुढे एखादा दगड आडवा आला की चाक थांबे आणि स्वार आसाभोवती फिरून डोक्यावर पडे. उतारावर पायंडे आवरेनासे झाले की स्वार पाय हॅण्डलवर टाकून मोकळे होत. आमच्या मामेभावाने नेमके हेच केले होते!

या अपघातांवर त्या काळी उपाय काय होता? सराव, धाडस, सावधगिरी. म्हणजे ‘‘लक्ष ठेवा’’. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन जवळपास सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल काढली. तिचे पायंडे दोन चाकांच्या मध्ये होते आणि साखळीने मागचे चाक फिरवत होते. पुढे मोठे आणि मागे लहान दातेरी चक्र लावले, की लहान चाकही पायंड्याच्या एका फेऱ्यात जास्त अंतर तोडते. चाक मोठे असण्याची गरजच संपली. स्वार खाली आला, दोन चाकांच्या मध्ये आला. या प्रकारच्या सायकलीला लोकांनी नावच दिले ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित सायकल. चालवणारी माणसे तीच होती, त्यांची सावधगिरीही तेवढीच होती. बदलली होती ती रचना.

तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट शहरात एका लहान मुलाच्या तीनचाकीमुळे दुसरा मोठा बदल घडला. जॉन बॉइड डनलॉप हे तिथले जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या मुलाला दगडी रस्त्यांवर भरीव रबराच्या चाकांची तीनचाकी चालवताना धक्के बसत. डनलॉप यांनी रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती लाकडी चकतीभोवती गुंडाळली आणि तिच्यात हवा भरली. मग अंगणात दोन्ही चाके लोटून पाहिली : गाडीचे भरीव धावेचे चाक आणि ही हवा भरलेली चकती. भरीव धावेचे चाक अर्ध्यातच आडवे झाले. हवा भरलेली चकती अंगणाच्या टोकाला जाऊन आपटली आणि परत उसळली. तीनचाकीला अशा धावा बसवल्या आणि त्याच वर्षी डनलॉप यांनी पेटंट घेतले. हवेच्या धावेची कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच मांडली होती, हे नंतर उघड झाले. पण ती रस्त्यावर आली आणि टिकली ती या मुलाच्या गाडीमुळे. आज आपण ज्यावर ये-जा करतो त्या जवळपास प्रत्येक चाकाचा संबंध असा एका मुलाच्या तक्रारीशी पोचतो. ‘‘धक्के बसतात’’ असे मुलगा म्हणाला, आणि बापाने चाक बदलायला घेतले.

त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. ते तिकडून सायकली पाठवत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. सायकलीच्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. १९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, कारखाना उभा राहिला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. लोखंड ओतणे, वाकवणे, कातणे या कामांत जुळ्या भावंडांसारख्या या दोन जिल्ह्यांचा हात बसला, त्यात या माळावरच्या कारखान्याचा वाटा मोठा आहे. गाडी सुधारायला परदेशातून काही आणावे लागत नाही, हे पुढे येईलच. म्हणून ही आठवण.

तीनचाकी का उलटते?

मोठ्यांची सायकल १८८५ साली सुधारली. मुलांची तीनचाकी मात्र मागे राहिली. तिचे पायंडे आजही पुढच्या चाकाच्या आसालाच असतात. असे करणे स्वस्त पडते, साखळी लागत नाही आणि साखळीत बोट अडकण्याची भीतीही नसते. पण त्यामुळे उतारावर काय होते ते पाहू.

समजा पुढच्या चाकाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. गाडी उतारावरून १ मीटर खाली आली आणि घर्षण अजिबात नसले, तर तिचा वेग सेकंदाला ४.४ मीटर होईल. थोडे घर्षण धरून आपण ४ मीटर मानू. म्हणजे चाकाला, आणि म्हणून पायंड्यालाही, सेकंदाला चारपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. पाच वर्षांच्या मुलाचे पाय इतके वेगाने फिरूच शकत नाहीत. तो पाय उचलून घेतो. पायंडे हाच या गाडीचा ब्रेक असतो, कारण सपाटीवर ते दाबून धरले की गाडी थांबते. म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी ब्रेक नाहीसा होतो.

आता वळणाचे पाहू. तीन चाके जिथे जमिनीला टेकतात ते तीन बिंदू जोडले, की एक त्रिकोण होतो. मूल आणि गाडी यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, त्यातून सोडलेली उभी रेषा या त्रिकोणात पडत असेल तोवर थांबलेली गाडी उभी राहते. चारचाकी गाडीचा पाया चौकोनी असतो. तीनचाकीचा पाया पुढे निमुळता होत जातो. मूल जितके पुढे बसेल, तितकी त्याच्या दोन्ही बाजूंची जागा कमी.

एक उदाहरण सोडवू. मागच्या दोन चाकांमधले अंतर ४० सेंटिमीटर. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत ५० सेंटिमीटर. गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच. समरूप त्रिकोणांवरून, त्या जागी पायाची अर्धी रुंदी २० × ३० ÷ ५० = १२ सेंटिमीटर येते. त्रिकोणाच्या तिरप्या बाजूपर्यंतचे लंब अंतर त्याहून थोडे कमी, सुमारे ११ सेंटिमीटर. या अंतराला उंचीने भागले की गुणोत्तर मिळते ०.२४. गाडी किती कलली की उलटेल, ते या गुणोत्तरावरून कळते. इथे तो कोन सुमारे १४ अंश आहे. मुलाने मागे वळून पाहताना गुरुत्वमध्य तीनच सेंटिमीटर बाजूला गेला, तर उरतात १० अंश.

वळताना उतार नसला तरी तेच गुणोत्तर कामाला येते. वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागले की जे त्वरण येते, ते गुरुत्वत्वरणाच्या ०.२४ पटीपेक्षा जास्त झाले की आतले चाक उचलले जाते. १ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा सेकंदाला दीड मीटरच्या आसपास येते, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. भरभर चालणाऱ्या मोठ्या माणसाचा हा वेग आहे. सेकंदाला ४ मीटर वेगाने येणाऱ्या गाडीला न उलटता वळायचे असेल, तर साडेसहा मीटर त्रिज्येचे वळण लागेल. मामाच्या बोळात तेवढी जागा नव्हती. मुलाचे लक्ष असते तरी ती आली नसती.

यात मुलाच्या शरीराचीही भर पडते. नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसाचे सातवा-आठवा. बाळ वाढते तसे हे प्रमाण बदलत जाते, पण तीन-चार वर्षांच्या मुलाचा भार वरच्या अंगालाच जास्त असतो. तीनचाकी उलटली की आधी डोके, हनुवटी आणि दात जमिनीला भेटतात, त्याचे कारण हे.

हेच गणित उलट दिशेने चालवले तर उपायही त्यातूनच निघतो. बैठक खाली आणून गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरवर आणा. मागचा आस ५० सेंटिमीटर रुंद करा. बैठक मागे सरकवून गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून ४० सेंटिमीटरवर न्या. आता लंब अंतर १८ सेंटिमीटर, गुणोत्तर ०.६ आणि उलटण्याचा कोन ३१ अंश! एक मीटरच्या वळणावरची मर्यादा ताशी साडेआठ किलोमीटरच्या पुढे जाते. यासाठी लागले काय? थोडी जास्त लांब नळी आणि वेगळ्या जागी मारलेला जोड. वेल्डिंगचे यंत्र असलेल्या कोणत्याही लहान वर्कशॉपला हे करता येईल.

१९६९ साली अमेरिकेत लुई मार्क्स यांच्या कंपनीने ‘बिग व्हील’ नावाची प्लॅस्टिकची तीनचाकी बाजारात आणली. तिची बैठक जवळजवळ जमिनीला लागलेली, मूल मागच्या आसाजवळ बसलेले आणि पाय पुढे पसरलेले. ती सहज उलटत नाही म्हणून पालकांनाही आवडली. पण प्रत्येक रचनेला तिची किंमत असते. जमिनीलगत बसलेले मूल मागे येणाऱ्या मोटारीच्या चालकाला दिसत नाही. म्हणून काही गाड्यांना उंच काठीवर झेंडा लावण्याची पद्धत आली. एक धोका कमी करताना दुसरा वाढत नाही ना, हे पाहावेच लागते.

पांगुळगाडा आणि वॉकर

आता तीन चाकांच्याच दुसऱ्या वस्तूकडे वळू. पांगुळगाडा आपल्याकडे इतका ओळखीचा, की ‘कशाचा तरी पांगुळगाडा घेणे’ असे आपण सहज म्हणतो. लाकडाची तीन चाके, वर धरायला आडवी दांडी. बाळ त्याच्या मागे उभे राहते, दांडी धरते आणि गाडा ढकलत चालते. त्याची रचना नीट पाहिली तर तीन गोष्टी दिसतात. बाळाचा भार त्याच्या स्वतःच्या पायांवर असतो. गाड्याचा वेग बाळाच्या पावलाएवढाच असतो. आणि गाडा पायरीवरून खाली गेला, तर हात सुटून बाळ मागे राहू शकते. फार तर बुडावर बसते.

चाकांच्या गोल चौकटीतला वॉकर या तिन्ही बाबतींत उलटा आहे. त्यात बाळ झोळीत बसते. पायांवर पूर्ण भार नसतो, पण पायाच्या एका रेट्याने ते सेकंदाला एक मीटर अंतर कापू शकते. आणि वॉकर पायरीवरून गेला की बाळही त्याच्याबरोबर जाते, कारण ते त्याच्यात अडकलेले असते. सेकंदाला एक मीटर म्हणजे स्वयंपाकघरातून आईने वळून पाहीपर्यंत बाळ जिन्याच्या तोंडाशी पोचलेले असते.

वॉकरचे अपघात अमेरिकेत फार काळजीपूर्वक मोजले गेले, म्हणून तिथले आकडे देतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉकरमुळे जखमी झालेली २७१ मुले होती. त्यांतली ९६ टक्के जिन्यावरून पडली होती. आणि ६९ टक्के वेळा मुलाजवळ देखरेख करणारे कोणीतरी होते! म्हणजे ‘‘लक्ष ठेवा’’ हा सल्ला पाळला गेला होता, तरी मूल पडले. वॉकरवर सूचनेचा कागद चिकटवलेला असे, पालकांचे प्रबोधनही होत असे. अपघात चालूच होते.

मग प्रश्न बदलला. लक्ष ठेवणाऱ्या माणसाला सुधारण्याऐवजी वॉकर का सुधारू नये? १९९७च्या सुमारास तिथल्या मानकात नवी अट आली. वॉकर ३६ इंची दारातून जाणार नाही इतका रुंद तरी असावा, किंवा चाक पायरीच्या कडेवरून सुटताच तो जागीच रुतेल अशी सोय त्यात असावी. दुसऱ्या उपायासाठी वॉकरच्या तळाला रबराच्या पट्ट्या लावल्या गेल्या. चाक खाली उतरले की पट्टी जमिनीला टेकते आणि घर्षणाने गाडी थांबते.

परिणाम? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९० ते २०१४ या २५ वर्षांचा हिशोब आहे. त्या काळात पंधरा महिन्यांखालची सुमारे २,३०,००० मुले वॉकरच्या अपघातांमुळे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आली. दहापैकी नऊ मुलांना डोक्याला किंवा मानेला इजा झाली होती. पण १९९० ते २००३ या काळात अशा एकूण अपघातांत ८४.५ टक्के घट झाली आणि जिन्यावरून पडण्यात ९१ टक्के. सगळे श्रेय एका पट्टीला देता येणार नाही. वॉकरचा वापरही त्या काळात कमी झाला. २०१० साली हे मानक सक्तीचे झाल्यावर अपघात आणखी घटले. कॅनडाने २००४ साली त्याहून पुढे जाऊन वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदीच घातली. असे करणारा तो पहिला देश. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही बंदीची मागणी केली आहे. वॉकरने मूल लवकर चालायला लागते या समजुतीला आधार सापडलेला नाही. उलट थोडा उशीर होण्याचीच शक्यता दिसते.

पांगुळगाडा कोणा एका शास्त्रज्ञाने आखला नाही. जुने म्हणून ते सगळे चांगले, असेही आम्हाला म्हणायचे नाही. जुन्या पांगुळगाड्याला खिळे निघालेले असत आणि हलका गाडा फरशीवर बाळाच्या हातातून पुढे पळे. पण बाळाचे पाय आणि गाडीचा वेग यांची सांगड त्यात होती. नवी वस्तू आणताना ही सांगड तुटली, आणि ती पुन्हा जोडायला काही दशके व हजारो फुटलेली डोकी लागली.

फलटणचे तीन चाकी काम

तीनचाकीचा असाच नव्याने विचार सातारा जिल्ह्यातही झाला आहे, तो मोठ्यांच्या गाडीबद्दल. फलटण इथे १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे १९८१ साली डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेहून आले. १९९०च्या दशकात त्यांनी सायकलरिक्षा हाती घेतली. रिक्षा ही तीनचाकीचीच मोठी बहीण. तिची रचना अनेक दशके जवळपास तशीच होती : ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, गिअर नाहीत. दोन माणसे बसली की बहुतेक भार मागच्या चाकांवर, आणि ब्रेक मात्र पुढे. ज्या चाकावर भार कमी, त्याचे रस्त्याशी घर्षणही कमी. म्हणून तिथला ब्रेक थोडेच काम करतो. उतारावर असा ब्रेक पुरत नाही, आणि चढावर गिअर नसल्याने चालकाला उतरून गाडी ओढावी लागते.

फलटणच्या सुधारित रिक्षेत गिअर आले, मागच्या चाकांना ब्रेक आले, वाऱ्याचा अडथळा कमी झाला. पुढे मोटारीची मदत घेणारी आणि पूर्णपणे विजेवर चालणारी ‘इलेक्शा’ अशी रूपेही तयार झाली. हे काम २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की रिक्षावाल्याला ‘‘जपून चालव’’ असे सांगण्यापाशी काम थांबले नाही. त्याला काय जड जाते, गाडी कुठे दगा देते, हे पाहून गाडीत बदल झाला. मुलांच्या गाडीलाही हीच रीत लागू पडते. फरक एवढाच, की रिक्षावाला आपली तक्रार बोलून दाखवतो. मूल फक्त पडते.

कायदा काय म्हणतो?

भारतात खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. ९८७३ हे मानक आहे. ते आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेले आहे. ते पाळणे बराच काळ ऐच्छिक होते. केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे.

बसून चालवण्याच्या खेळण्यांसाठी या मानकात वेगळ्या कसोट्या आहेत. गाडीवर वयानुसार वजन ठेवून ती उतरत्या फळीवर उभी करतात. मुलाचे पाय जमिनीला टेकून तोल सावरता येत असेल तर १० अंश, येत नसेल तर १५ अंश. एवढ्या उतारावर गाडी आडवी होता कामा नये. आपल्या उदाहरणातली १४ अंशांची गाडी पहिल्या कसोटीत जेमतेम उतरते, दुसरीत नापास होते.

फटींचा नियम तर फार सुंदर आहे. हलणाऱ्या भागांमधल्या फटीत ५ मिलिमीटर जाडीची सळई जात असेल, तर १२ मिलिमीटरचीही जायला हवी. कारण? बोट आत जाणारच नाही इतकी फट अरुंद हवी, नाहीतर गेलेले बोट न चेंगरता परत येईल इतकी मोठी. धोका मधल्या मापात आहे.

मोकळी फिरणारी चाके असलेल्या गाडीला ब्रेकही हवा, असे मानक सांगते. पण चाकाला थेट जोडलेले पायंडे असतील, तर ही अट लागू नाही, कारण पायंडे दाबून धरून थांबता येते असे गृहीत धरलेले आहे. सांगलीच्या बोळात हे गृहीत बरोबर ठरते. साताऱ्याच्या बोळात काय होते ते आपण पाहिलेच. म्हणजे चिन्ह पाहून गाडी घ्यावी हे खरेच, पण ती आपल्या गावच्या उतारावर कशी वागेल हे आपल्यालाच तपासावे लागेल.

वर्गात करून पाहा

आठवी ते दहावीच्या मुलांसोबत हा प्रयोग एका तासात होतो. बालवाडीतली किंवा कोणाच्या घरची तीनचाकी आणा. चार-पाच फूट लांब, गाडी मावेल इतकी रुंद फळी किंवा जुने टेबल घ्या. बैठकीवर मुलाच्या वजनाइतकी वाळूची पिशवी बांधा. पिशवी उभट ठेवा, म्हणजे भार मुलासारखा उंचावर राहील. गाडीवर मूल बसवून हा प्रयोग करू नका.

गाडी फळीवर आडवी, म्हणजे तिची कूस उताराकडे येईल अशी ठेवा. चाके घसरू नयेत म्हणून खालच्या चाकांना लागून पातळ पट्टी ठोका. आता फळीची वरची बाजू हळूहळू उचला. वरच्या बाजूचे चाक सुटले की थांबा आणि कोनमापकाने कोन मोजा. एका मुलाने दोन्ही हात पसरून गाडी झेलायला तयार राहावे. मग हॅण्डल वळवून पुन्हा मोजा. पिशवी दहा सेंटिमीटर मागे सरकवून पुन्हा मोजा. वर दिलेल्या गणिताने येणारा कोन आणि मोजलेला कोन यांत किती फरक पडला आणि का, यावर चर्चा होऊ द्या.

दुसरा भाग शाळेबाहेरचा. मुलांना आपापल्या गल्लीचा उतार मोजून आणायला सांगा. एक सरळ काठी, पाण्याची पातळी पाहायला अर्धी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी एवढे पुरते. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शाळांनी आपले आकडे एकमेकांना पोस्टाने कळवले, तर मोठी मौज येईल. एकाच गाडीबद्दल दोन गावांचे निष्कर्ष वेगळे निघतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. मुलांना विचारा, की तुम्ही कधी कशावरून पडलात आणि तेव्हा घरचे काय म्हणाले. मग तीच गोष्ट गाडीच्या, पाळण्याच्या, घसरगुंडीच्या बाजूने पुन्हा लिहायला लावा : काय उंच होते, काय अरुंद होते, ब्रेक कुठे होता, बदलता काय आले असते.

आमचा मामेभाऊ आता चाळिशी ओलांडलेला आहे. हनुवटीवरची खूण अजून दिसते. मध्यंतरी हे सगळे गणित त्याला कागदावर मांडून दाखवले. त्याने ते शांतपणे पाहिले आणि म्हणाला, ‘‘म्हणजे माझी चूक नव्हती तर!’’ हे ऐकायला त्याला इतकी वर्षे थांबावे लागले. आपल्या वर्गातल्या मुलांना तेवढे थांबावे लागू नये.